मेण, गुलाबतेल आणि गॅलेन: फार्मसी दिनाच्या प्रकल्पाच्या नोंदी

१४ जुलै, सोमवार

प्रकल्प नक्की झाला. २५ सप्टेंबरच्या जागतिक फार्मासिस्ट दिनाला आमच्याकडे दरवर्षी रांगोळी, पोस्टर आणि गावातून फेरी असते. यंदा त्याच्या जोडीला एक टेबल मागून घेतलं आहे. डी. फार्मच्या दुसऱ्या वर्षातली सहा मुलं, मी, आणि दहा आठवडे.

मागच्या आठवड्यात वर्गात सहज विचारलं होतं, ‘फादर ऑफ फार्मसी’ कोण? निम्म्यांनी गॅलेन, म्हणजे प्राचीन रोममधला ग्रीक वैद्य, सांगितला, तिघांनी श्रॉफ सांगितले. महादेव लाल श्रॉफ हे भारतातल्या फार्मसी शिक्षणाचे जनक. बनारस हिंदू विद्यापीठात १९३२ साली त्यांनी ते सुरू केलं, हे मी पुन्हा एकदा फळ्यावर लिहिलं. मग गॅलेन म्हणणाऱ्यांना विचारलं, त्यानं केलं काय? कुणालाच सांगता येईना. पुस्तकात त्याच्या वाट्याला दोन ओळी आहेत, त्यातली एक जन्ममृत्यूची.

म्हणून टेबल गॅलेनचं. दोन गोष्टी हातानं करायच्या: त्याच्या पद्धतीचं गार मलम, आणि त्याच्या साठ्यात भारतातून गेलेल्या एका औषधाचा माग. बाकीचं कामाच्या ओघात ठरेल.

१७ जुलै

आज फक्त वाचन. जन्म इ.स. १२९, पर्गामोन. आजच्या तुर्कस्तानातलं बेर्गामा. वडील निकोन वास्तुविशारद, गणितात मुरलेले. त्यांना स्वप्न पडलं म्हणून सोळाव्या वर्षी पोराला वैद्यकाला घातलं. स्मिर्ना, कोरिंथ, अलेक्झांड्रिया असं शिक्षण. १५७ साली गावी परत, ग्लॅडिएटरांचा वैद्य. १६२ साली रोम. पुढे सम्राट मार्कस ऑरेलियसचा दरबार. आमच्या पुस्तकात मृत्यू २०१ साली दिला आहे. आताचे अभ्यासक त्याला २१६ च्या आसपासपर्यंत जगवतात. एका मुलीनं लगेच विचारलं, “मॅडम, परीक्षेत काय लिहू?” पुस्तकातलं लिही म्हटलं, आणि वहीत दुसरं लिहून ठेव.

औषधांवरचं त्याचं लिखाण पाहून मुलं गप्प झाली. एकेरी औषधांवर अकरा भाग. अवयवांनुसार मिश्रणांवर दहा, प्रकारांनुसार मिश्रणांवर सात, विषावरच्या उताऱ्यांवर दोन.

मला मात्र एक वेगळी गोष्ट खुणावते आहे. त्या काळी रोममधले बहुतेक वैद्य तयार माल विकणाऱ्यांकडून औषधं घेत. गॅलेन स्वतः घेऊन, पारखून, साठवून, घोटून देत असे. वैद्य आणि औषध बनवणारा हे त्याच्याकडे एकाच माणसात होते. आमच्या पेशाचा पूर्वज शोधायचा तर तो या दुसऱ्या अर्ध्यात आहे.

२२ जुलै

गुलाबतेल घातलं. गॅलेनच्या लिखाणातलं गुलाबतेल म्हणजे अत्तर नव्हे. ऑलिव्हच्या तेलात पाकळ्या मुरवून केलेलं तेल. गावठी गुलाबाच्या पाकळ्या फुलवाल्या मावशींनी पाव किलो वेगळ्या काढून दिल्या. एक दिवस सावलीत सुकवल्या, रुंद तोंडाच्या बरणीत तेलात बुडवल्या, वर मलमलीचा दादरा बांधला.

२५ जुलै

बरणी फेकावी लागली. तीन दिवस ऊन नाही, पाकळ्यांतलं पाणी पुरतं गेलं नव्हतं, वर पांढरी बुरशी आली. भूमध्य समुद्राकाठचा उन्हाळा आणि आमचा आषाढ यांत हा फरक पडणारच. दुसऱ्या खेपेला पाकळ्या ओव्हनमध्ये ४० अंशांवर पूर्ण वाळवल्या आणि बरणी रोज दोन तास कोमट पाण्यात ठेवायचं ठरवलं. पाकळ्यांचा रंग उतरला की त्या गाळून नव्या घालायच्या. अशा तीन खेपा.

२९ जुलै, नागपंचमी

घरात आज काही चिरायचं नाही, तळायचं नाही. सकाळी पाटावरच्या नागाला दूध-लाह्या दाखवून कॉलेजला आले आणि दिवसभर थेरियाक वाचत बसले. आजच्या दिवशी हे वाचताना जीव कसनुसा झाला, कारण या औषधात मुख्य घटक सापाचं मांस आहे.

थेरियाक म्हणजे सर्व विषांवरचा उतारा म्हणून नावाजलेलं मिश्रण. नीरोचा वैद्य अँड्रोमाकस यानं मिथ्रिडेटस राजाच्या जुन्या उताऱ्यात बदल करून ते बसवलं, घटक चौसष्ट. घोणसाच्या जातीच्या सापाचं डोकं आणि शेपूट चार चार बोटं तोडायचं, उरलेलं शेपू आणि मीठ घालून शिजवायचं, भाकरीच्या चुऱ्यात मळून वड्या करायच्या. त्यात अफू, मध, आणि आपल्याकडच्या ओळखीच्या कितीतरी वस्तू: पिंपळी, मिरी, सुंठ, जटामांसी, कोष्ठ, तमालपत्र. मार्कस ऑरेलियस ते रोज घेत असे आणि ते तयार करण्याचं काम गॅलेनकडे होतं. अफू वगळली तेव्हा सम्राटाची झोप उडाली आणि ती पुन्हा घालावी लागली, हेही गॅलेननंच लिहून ठेवलं आहे. औषध सुरू करणं सोपं, थांबवणं अवघड, याची ही इतकी जुनी नोंद मी कधी वाचली नव्हती.

पण आज मी थबकले ती एका वेगळ्याच जागी. अँड्रोमाकसनं ही कृती कवितेत लिहिली होती, १७४ ओळी, आणि गॅलेननं ती पूर्ण उतरवून ठेवली. कवितेत का? गॅलेन कारण देतो. नक्कल करणारे आकड्यांच्या खुणा चुकवतात, कधी मुद्दाम बदलतात. वृत्तात बांधलेल्या ओळीत आकडा बदलला तर ओळ लंगडते आणि चूक पकडली जाते. मेनेक्राटीस नावाच्या वैद्यानं आपल्या ग्रंथात मापं आकड्यांत न देता अक्षरांत दिली होती, त्याचंही तो कौतुक करतो.

रात्री हे अण्णांना वाचून दाखवलं. अण्णा चाळीस वर्षं कंपाउंडर होते. मिक्श्चरच्या बाटलीवर कात्रीनं खाचा पाडलेली कागदाची डोसपट्टी चिकटवणारी ती शेवटची पिढी. ते उठले आणि कपाटातून त्यांची जुनी कापडी बांधणीची वही घेऊन आले. एका पानावर लाल पेन्सिलीचा गोल आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीत ड्रॅमची खूण हवी तिथे घाईत औंसाची पडली होती. ड्रॅमची खूण तीनच्या आकड्यासारखी, औंसाला वर एक जादा फाटा. त्या एका फाट्यानं औषध आठपट होतं.

“मग काय केलंत?”

“काय करणार बाळ? बाटली भरलीच नाही. सायकल काढली, दवाखान्यात गेलो. तेव्हापासून वहीत माप अक्षरात लिहायला लागलो.”

खरंच, पुढच्या सगळ्या पानांवर ‘दोन ड्रॅम’, ‘अर्धा औंस’ असं मोडी वळणाच्या देवनागरीत लिहिलं आहे. अण्णांना मेनेक्राटीस माहीत नव्हता. ड्रॅम हा शब्दसुद्धा गॅलेनच्या काळच्या द्राख्मे या वजनाचाच वंशज. डॉक्टरांनी चिठ्ठी सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावी, हा नियम आपल्याकडे २०१६ साली आला.

वही टेबलावर ठेवायला अण्णांनी परवानगी दिली. काचेखाली ठेव म्हणाले.

५ ऑगस्ट

मलमाची पहिली खेप. प्रमाण एकास चार: मेण २० ग्रॅम, गुलाबतेल ८० ग्रॅम. वॉटर बाथवर वितळवायचं, गार होऊन घट्ट होऊ द्यायचं, मग खलात घोटत घोटत मावेल तेवढं गार पाणी त्याला पाजायचं. फ्रेंच औषधसंहितेत हे मलम गॅलेनच्याच नावानं कितीतरी काळ होतं. कोल्ड क्रीमचं मूळ ते हेच.

मुलांना कोल्ड क्रीम येतं. प्रॅक्टिकलला आपण मेण, लिक्विड पॅराफिन आणि पाण्यात विरघळवलेला बोरॅक्स घेतो. मेणातली आम्लं आणि बोरॅक्स यांचा साबण जागच्या जागी तयार होतो आणि तो पाणी धरून ठेवतो. गॅलेनकडे बोरॅक्स नाही. पाणी नुसतं घोटण्याच्या जोरावर मेण-तेलात अडकतं, म्हणून कातडीवर लावलं की सुटतं, उडतं आणि गार वाटतं. ‘कोल्ड’ हे नाव त्यावरून पडलं.

आमच्या खेपेनं १५ मिलीच्या वर पाणी घेतलं नाही. खलाच्या तळाशी पाण्याचे थेंब मोत्यांसारखे फिरत राहिले आणि मेणाचे कण हाताला रवाळ लागत होते. मुलं आळीपाळीनं दोन तास घोटत होती. एकाच्या तळहाताला फोड आला.

७ ऑगस्ट

पुन्हा तेच. पाणी आणखी गार घेऊन पाहिलं, कोमट घेऊन पाहिलं. नाहीच.

अण्णांना फोनवर सांगितलं. त्यांचा पहिला प्रश्न: “मेण कुठलं?” पेठेतल्या दुकानातलं म्हटलं. “वास घेतलास का? नखानं कोरून बघितलंस का?”

नव्हतं बघितलं. पिवळं होतं, मेण म्हणून दिलं होतं, मी घेतलं.

११ ऑगस्ट

मेणाची ॲसिड व्हॅल्यू, म्हणजे त्यातल्या मुक्त आम्लांचं माप, काढली. ३ ग्रॅम मेण गरम अल्कोहोलात, फिनॉल्फ्थॅलीन, ब्युरेटमध्ये ०.१ मोलर अल्कोहोलिक पोटॅशियम हायड्रॉक्साइड. गरम असतानाच टायट्रेट करायचं, नाहीतर मेण घट्ट होतं. गुलाबी रंग ३.६ मिलीलाच टिकला. हिशेबानं ६.७. पुस्तकात १७ ते २४ दिलेली आहे. मुलांनी एका सुरात निकाल दिला, भेसळ. पॅराफिन मेणाची ॲसिड व्हॅल्यू शून्य असते, म्हणजे त्यात तीन भागांत दोन भाग पॅराफिन. मीही मान हलवली.

१४ ऑगस्ट

तो निकाल मागे घ्यावा लागला, निदान त्या कारणासाठी. काल रात्री वाचताना लक्षात आलं की पुस्तकातली १७ ते २४ ही मर्यादा युरोपीय मधमाशीच्या मेणाची आहे. आपल्याकडच्या सातेरी आणि आग्या माश्यांच्या मेणाची ॲसिड व्हॅल्यू मुळातच दहाच्या खाली असते. म्हणजे ६.७ हा आकडा भेसळीचाही असू शकतो आणि अस्सल देशी मेणाचाही.

म्हणून आज दुसरी चाचणी. मेण अल्कोहोलिक अल्कलीत उकळायचं. मेणाचा साबण होतो आणि द्रव स्वच्छ होतो. पॅराफिनचा साबण होत नाही. आमचा द्रव दोन तास उकळूनही गढूळच राहिला आणि वर तेलकट थर तरंगत होता. आता खात्री झाली.

वर्गात मुलांसमोर सांगितलं की सोमवारी आपला निष्कर्ष बरोबर होता पण कारण अपुरं होतं, आणि अपुऱ्या कारणावर मी मान हलवायला नको होती. दुकानदाराकडे परत गेले. तो म्हणाला, मेणबत्तीवाले हेच नेतात, तुम्हाला औषधाला पाहिजे होतं हे सांगायचं. त्याचंही पूर्ण चुकीचं नाही. पण डब्यावर ‘शुद्ध मधमाशी मेण’ असं लिहिलं होतं, त्याचं काय, याचं उत्तर मिळालं नाही.

१६ ऑगस्ट

मेणाच्या प्रकरणानंतर गॅलेनचा नववा भाग वाचायला घेतला आणि वाचताना अंगावर काटा आला. एकेरी औषधांवरच्या ग्रंथात तो सांगतो की तरुणपणी त्यानं एका माणसाला भरपूर पैसे देऊन एक विद्या शिकून घेतली होती. ती विद्या नकली माल बनवण्याची. लायकियम या वनस्पतीच्या घट्ट सत्त्वासारखी महागडी औषधं तो माणूस अशी बनवायचा की अस्सल कोणतं ते कळायचं नाही. गॅलेन ती सगळी शिकला, आणि त्या कृती मी लिहून ठेवणार नाही, असंही सांगून मोकळा झाला, कारण वाचणारे त्याचा धंदा करतील. त्याऐवजी त्यानं ठरवलं की जन्मभर पुरेल इतका माल जिथं निपजतो तिथं जाऊन आणायचा.

तो तसा गेलाही. सायप्रसच्या तांब्याच्या खाणीत उतरला. मृत समुद्राकाठी गेला. आणि लेम्नोस बेटावर दोनदा गेला. पहिल्या खेपेला जहाज मिरिनाला लागलं, आणि औषधी माती मिळायची ती हेफाइस्तियाला, बेटाच्या दुसऱ्या अंगाला. जहाज थांबणार नव्हतं, हात हलवत परत. दुसऱ्यांदा नीट चौकशी करून गेला आणि सगळं डोळ्यांनी पाहिलं. देवीची पुजारीण टेकडीवर गहू आणि जव वाहून गाडीभर माती गावात आणते. पाण्यात कालवते, ढवळते, निवू देते. वरचं पाणी ओतून देते, तळाचे खडे-वाळू टाकून देते, आणि मधला मऊ, चिकट थर तेवढा घेते. तो मेणासारखा होईपर्यंत सुकवून, आर्टेमिस देवीची मुद्रा उठवून, वड्या सावलीत वाळवते.

हे मी वाचून दाखवल्यावर एक मुलगा उठून म्हणाला, “मॅडम, हे तर एल्युट्रिएशन!” हो, तेच. मागच्या वर्षी जर्नलमध्ये आकृती काढून दिलेलं. त्या वड्यांवरची मुद्रा म्हणजे आजच्या सीलबंद पाकिटाची आजी.

गॅलेनच्या आधीचा ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस याच्या ग्रंथात या मातीत बोकडाचं रक्त मिसळतात असं होतं. गॅलेननं तिथल्या लोकांना ते विचारलं तेव्हा सगळे हसले. डायोस्कोरिडीसबद्दल त्याला अपार आदर होता, तरी त्यानं खातरजमा केली. येताना त्यानं २०,००० वड्या आणल्या.

१९ ऑगस्ट

नवं मेण आलं. महाबळेश्वर तालुक्यातल्या एका मधपाळाकडून, सातेरीच्या पेट्यांतलं. आमच्यातला एक मुलगा त्या बाजूचाच, त्यानं स्वतः समोर उभं राहून गाळून आणलं. वासात मध आहे, नखाखाली चिकटत नाही, मऊसर तुकडा पडतो. ॲसिड व्हॅल्यू ७.३. फसव्या मेणापेक्षा जेमतेम ०.६ नं जास्त! अल्कलीत मात्र पंचवीस मिनिटांत काचेसारखं स्वच्छ झालं. दोन्ही आकडे, दोन्ही परीक्षानळ्यांच्या फोटोसह, टेबलावर शेजारी शेजारी लावायचे.

२१ ऑगस्ट

अण्णा लॅबमध्ये आले. अठ्ठ्याहत्तर वय, पायरी चढताना हात धरावा लागतो. पण स्टुलावर बसून खल मांडीशी घेतला आणि बत्ता धरला तसे त्यांचे खांदे सरळ झाले.

मुलं जोर लावून घोटत होती, मनगटानं. अण्णांचा कोपर हलत नव्हता, फक्त पंजा फिरत होता, एकाच दिशेनं, खलाच्या कडेपासून मधल्या बाजूला. घट्ट झालेलं मेण-तेल त्यांनी आधी नुसतंच दहा मिनिटं घोटून लोण्यासारखं केलं. मग पाणी. पहिलं पाणी चमच्यानं नव्हे, बोटं बुडवून शिंतोडे. “ऐका,” म्हणाले. पाणी पडलं की खलातून चपचप असा ओला आवाज येतो. घोटत गेलं की तो बारीक होत जातो आणि एका क्षणी थांबतो, नुसती घासर उरते. “आवाज मेला की पुढचं पाणी. घाई केली की फुटलं.”

पिवळट लोणी हळूहळू पांढरं होत गेलं. मुलं वाकून बघत होती, कुणी बोलत नव्हतं. एक तास दहा मिनिटांत ६० मिली पाणी मुरलं. जुन्या फ्रेंच कृतीतही मेण, तेल आणि पाण्याचं हेच प्रमाण पडतं, २०, ८०, ६०. अण्णांना ते प्रमाण मी सांगितलं नव्हतं. त्यांनी ६० वर थांबून म्हटलं, “आता याचं पोट भरलं.”

प्रत्येकाच्या मनगटावर एक एक बोट लावलं. पाच-सहा सेकंदांनी गारवा येतो. प्रॅक्टिकलच्या क्रीमला हे इतकं जाणवत नाही.

२६ ऑगस्ट

उद्या गणपती. प्रकल्प ८ सप्टेंबरपर्यंत बंद. मलमाची डबी फ्रिजमध्ये, चावी माझ्याकडे.

९ सप्टेंबर

रसांजन. या भागाची मी सुरुवातीपासून वाट पाहत होते.

गॅलेन लिहितो की पॅलेस्टाईनहून परतताना त्याला फिनिशियात नुकतंच आलेलं भारतीय लायकियम मिळालं, भारतीय कोरफडीच्या बोळासोबत. उंटांवरून आलेल्या सगळ्या मालाबरोबर ते होतं, म्हणून ते भारतीयच आहे अशी त्याची खात्री पटली. मालाची पारख करताना तो माल कशाबरोबर, कोणत्या वाटेनं आला हेही तो पाहतो आहे. हे भारतीय लायकियम म्हणजे दारुहळदीचं घट्ट केलेलं सत्त्व, आपलं रसांजन, बाजारातलं रसवंती. ही ओळख एकोणिसाव्या शतकात जॉन फोर्ब्ज रॉयल यानं पटवली. दोन्हीकडे ते डोळ्यांच्या विकारांवर वापरलं जाई.

गॅलेनच्या शंभरेक वर्षं आधीच्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी वाटाड्यात सिंधूच्या मुखावरचं बंदर आणि भरुच या दोन्ही ठिकाणांहून लायकियम निघत असल्याची नोंद आहे. त्याच भरुचला आपल्या पैठणहून आणि तेरहून माल जायचा, पैठणचा गोमेद, तेरचं सुती कापड. पैठण ते भरुच वीस दिवसांची वाट, असं तिथं दिलं आहे. रसांजन हिमालयाकडचं, पैठणचं नव्हे, पण एकाच धक्क्यावर गाठोडी शेजारी पडली असतील असं मनात येतं.

बाजारातून तीन ठिकाणचं रसवंती आणलं. पाण्यात टाकलं. दोन पिवळंधमक विरघळले, तिसऱ्यानं तपकिरी गाळ धरला. यूव्ही कॅबिनेटमध्ये ३६६ नॅनोमीटरला पहिले दोन झळझळीत पिवळे चमकले, तो बर्बेरीन, दारुहळदीतलं पिवळं द्रव्य. तिसरा जवळजवळ काळा. आज मात्र मुलांनी लगेच भेसळ म्हटलं नाही. एकीनं विचारलं, जुनं असेल का, खूप करपवलं असेल का, हे कसं ठरवायचं? मला तिथं उभं राहून फार बरं वाटलं. दारुहळद म्हणून दक्षिणेत वेगळ्याच वेलीचं खोड विकतात आणि त्यातही बर्बेरीन असतंच, तेव्हा नुसती चमक दिसली म्हणजे झालं असंही नाही, हे मी त्यांना सांगितलं. तिन्ही नमुने तसेच ठेवणार, खाली फक्त जे दिसलं ते लिहिणार.

१२ सप्टेंबर

मिरजेत युनानी औषधांच्या दुकानात गेलो. काउंटरवर ‘जवारिश जालीनूस’ ची बाटली. जालीनूस म्हणजे गॅलेन. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक आणि त्याच्या मंडळींनी गॅलेनचे ग्रंथ सीरियाक आणि अरबीत आणले, एका यादीत त्यानं १२९ ग्रंथांचा हिशेब दिला आहे. त्या वाटेनं नाव इथपर्यंत आलं. दुकानातल्या चाचांना म्हटलं, या जालीनूसवर आमचा प्रकल्प आहे. ते म्हणाले, “हकीम जालीनूस? मग पैसे कशाला, ही घेऊन जा.” आग्रह करून पैसे दिले. लेबलवर पिंपळी, मिरी, सुंठ, जटामांसी, कोष्ठ, केशर. नागपंचमीला वाचलेली अर्धी यादी.

१६ सप्टेंबर

आज पोस्टरचा मजकूर. मुलांनी गॅलेनला इतकं उंच बसवलं होतं की मला थांबवावं लागलं. चार दोषद्रव्यांचा त्याचा सिद्धान्त टिकला नाही. उष्ण, शीत, रूक्ष, आर्द्र यांच्या चार चार पायऱ्या त्यानं प्रत्येक औषधाला लावल्या. मात्रेचं मोजमाप करण्याची ती सुरुवात होती, पण मोजपट्टी स्वतःची जीभ आणि कातडी. फेफरं येणाऱ्या एका मुलाच्या गळ्यात पिओनीचं मूळ बांधलं होतं. ते काढलं तर झटका आला, बांधलं तर थांबला, पुन्हा काढलं, पुन्हा आला. गॅलेननं काढून-घालून पाहिलं ही गोष्ट मोठी, पण एका मुलावरून त्यानं काढलेला निष्कर्ष चुकला. पोस्टरवर दोन्ही येणार. फेटा घातलेलं त्याचं चित्र मात्र काढून टाकलं.

उरलेली जागा आगीला दिली. इ.स. १९२ च्या आगीत रोमच्या पवित्र मार्गावरची कोठारं जळाली. गॅलेननं आपला सगळा मौल्यवान साठा तिथं ठेवला होता, कारण दाराखेरीज तिथं लाकूड नव्हतं आणि पहारा होता. औषधं, हत्यारं, चर्मपत्रांवरचे दुर्मिळ औषधकृतींचे संग्रह आणि स्वतःची हस्तलिखितं गेली. दालचिनी तर इतकी, की सगळ्या व्यापाऱ्यांकडे मिळून नसेल. नकला करून त्या काम्पानियातल्या घरी हलवायच्या बेतात तो होता. ज्या पत्रात हे सगळं आहे ते २००५ साली थेसालोनिकीच्या व्लाताडोन मठात एका फ्रेंच संशोधकाला सापडलं, तोपर्यंत ते हरवलेलंच होतं. मिश्रणांवरच्या ग्रंथाचे पहिले दोन भागही जळाले होते आणि रोममध्ये कुणाकडे प्रत नव्हती. त्यानं ते पुन्हा लिहून काढले. तेव्हा तो साठी ओलांडलेला होता.

अण्णांच्या वहीची प्रत्येक पानाची छायाप्रत आजच काढून घेतली.

२५ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी नऊपासून टेबल मांडलं. सगळ्यात जास्त गर्दी दोन मेणांपुढे. लोकांना वास घ्यायला द्यायचो, मग विचारायचो अस्सल कोणतं. बरेचजण जास्त पिवळ्याकडे बोट दाखवत, म्हणजे फसव्याकडे. गावातले दोन मेडिकलवाले आले, ते अण्णांच्या वहीपुढे वीस मिनिटं उभे होते. एकानं स्वतःच्या वडिलांचा खल घरी माळ्यावर पडून आहे म्हणून सांगितलं आणि पुढच्या वर्षी आणून देतो म्हणाला.

एक बाई भेगा पडलेल्या टाचांना हे मलम मिळेल का विचारत होत्या. द्यायचा मोह झाला. नाही दिलं. प्रिझर्व्हेटिव्ह नाही, टिकाऊपणा तपासलेला नाही, हे त्यांना नीट समजावलं. साधं पेट्रोलियम जेली रात्री लावून मोजे घालायला सांगितलं आणि भेगांतून रक्त येत असेल, साखर असेल तर डॉक्टरांना दाखवा म्हटलं. मुलं ऐकत होती.

हा दिवस पाळायचं २००९ साली ठरलं ते इस्तंबूलच्या परिषदेत, तुर्की फार्मासिस्टांच्या सूचनेवरून. गॅलेनच्याच देशात. हे टेबलावर लिहायचं राहून गेलं, शेवटी एकीनं खडूनं फळ्यावर लिहिलं.

३ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीनंतर लॅब उघडली. फ्रिजमधली डबी तपासली. कडेला पाणी सुटलं आहे, साधारण चमचाभर. रंग तसाच पांढरा. वास किंचित खवट, तेलाचा. बाहेर ठेवलेल्या दुसऱ्या डबीवर बुरशी. दोन्ही नष्ट केल्या.

स्टॉक रजिस्टरला मुलांनी आपणहून नोंद केली आहे: सातेरी मेण, शिल्लक एकशे चाळीस (१४०) ग्रॅम, मिळाल्याची तारीख, मधपाळाचं गाव, दोन्ही चाचण्यांचे निकाल. आकडा आधी अक्षरात.